उणे चिन्ह म्हणजे तुटवडा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अर्थपानावर बँकांकडे पैशांचा खडखडाट असून त्यांच्यावर एकमेकींपुढे हात पसरण्याची वेळ आली आहे, अशा अर्थाची बातमी होती. आधार होता रिझर्व्ह बँकेच्या रोजच्या मुद्रा बाजार तक्त्याचा. त्यात ‘निव्वळ रोखता’ या ओळीतला आकडा उणे होता आणि बातमीत तो तुटवडा म्हणून आला. ती ओळ रिझर्व्ह बँकेच्या बाजूने लिहिलेली असते. तिने बँकांना पैसे पुरवले तर अधिक, बँकांकडून शोषून घेतले तर उणे. म्हणजे बँकांकडे उरलेले पैसे त्यांनी रिझर्व्ह बँकेकडे रात्रभरासाठी ठेवले की आकडा उणे येतो. तो जेवढा मोठा, तेवढे बँकांचे खिसे भरलेले. बातमीत हे नेमके उलटे झाले. चूक एका चिन्हाची आहे, पण तिच्या पोटी बऱ्याच गैरसमजुती दिसल्या. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत. जागेअभावी कापायचे झाल्यास शेवटची विनंती तेवढी ठेवावी.

पहिली गैरसमजूत अशी की कॉल बाजारात, म्हणजे बँकांच्या आपसांतल्या एका रात्रीच्या उसनवारीच्या बाजारात, फिरणारे पैसे म्हणजे तिजोरीतल्या नोटा. तसे नाही. प्रत्येक शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत यादीतल्या) बँकेचे रिझर्व्ह बँकेत एक चालू खाते असते आणि एका रात्रीची उसनवारी होते ती त्या खात्यातल्या शिलकीची. ठाण्यातल्या एका बँकेतून वाशीतल्या दुसऱ्या बँकेत आरटीजीएसने पाच कोटी गेले, की पहिल्या बँकेची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक पाच कोटींनी घटते आणि दुसरीची तेवढीच वाढते. बेलापूरला रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आहे, पण या व्यवहारासाठी तिथे कोणी गाडी घेऊन जात नाही. ‘ई-कुबेर’ नावाच्या संगणक प्रणालीत दोन नोंदी होतात, बस्स. दिवसभरात असे लाखो व्यवहार होतात. संध्याकाळी काही बँकांकडे गरजेपेक्षा जास्त शिल्लक साचते, काहींची कमी पडते. जास्तवाली कमीवालीला रात्रभरासाठी देते, त्याला म्हणतात कॉल मनी. दोन ते चौदा दिवसांसाठी दिले तर नोटीस मनी, पंधरा दिवस ते वर्षभरासाठी दिले तर टर्म मनी. हे सगळे विनातारण असते.

यातून एक गोष्ट निघते, जी बातमीत पार निसटली. बँका एकमेकींना कितीही पैसे देवोत, सगळ्यांची मिळून रिझर्व्ह बँकेतली शिलकीची बेरीज तसूभरही बदलत नाही. वाशीच्या एपीएमसीत दोन गाळेवाल्यांनी एकमेकांना सुटे पैसे दिले म्हणून बाजारातले सुटे वाढत नाहीत, तसेच. ही बेरीज वाढते किंवा घटते ती तीन-चार कारणांनीच: सरकारच्या खात्यात पैसे गेले किंवा तिथून आले, लोकांनी नोटा काढल्या किंवा भरल्या, रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले किंवा घेतले, आणि तिने स्वतः रोखे घेऊन वा कर्ज देऊन पैसे सोडले किंवा ओढले.

उदाहरण अगदी शेजारचे घेऊ. तुम्ही ठाणे महापालिकेचा मालमत्ता कर भरलात. महापालिकेचे खाते एखाद्या व्यापारी बँकेत असते. पैसे एका बँकेतून दुसरीत गेले, बेरीज तीच राहिली. पण घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचे मुद्रांक शुल्क भरलेत, तर ते राज्य सरकारच्या खात्यात जाते आणि ते खाते रिझर्व्ह बँकेकडे आहे. तेवढे पैसे बँकिंग व्यवस्थेतूनच बाहेर पडले. जीएसटीचे तेच, प्राप्तिकराचे तेच. ऐरोली-महापेच्या पट्ट्यातली एखादी कंपनी १५ डिसेंबरला ५० कोटींचा अग्रिम कर भरते, तेव्हा तिच्या बँकेची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक ५० कोटींनी घटते आणि दुसऱ्या कुठल्याच बँकेची वाढत नाही. म्हणून १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चच्या आसपास, तसेच दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीच्या वेळी कॉलचा दर चढतो. महिना संपताना सरकारी पगार-पेन्शन सुटले की पैसे परत येतात आणि दर उतरतो. गणपती-दिवाळीत एटीएममधून नोटा निघतात, तेव्हाही हाच परिणाम, फक्त हळूहळू. रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकते तेव्हाही तसेच: तिने डॉलर दिले, बँकांच्या खात्यातून रुपये घेतले. यातली कोणतीही गोष्ट बँक अडचणीत असल्याचे लक्षण नाही.

आता प्रश्न असा की बँकेला ही शिल्लक लागते कशाला. दोन कारणांनी. एक म्हणजे दिवसभराची देणी. दुसरे रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवी आणि इतर देण्यांचा जो ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेत ठेवावाच लागतो तो; त्याला सगळे सीआरआर म्हणतात. जून २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने ते ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आणि ६ सप्टेंबर ते २९ नोव्हेंबर २०२५ या काळात पाव-पाव टक्क्याच्या चार हप्त्यांत ते उतरवले. या शिलकीवर रिझर्व्ह बँक एक पैसाही व्याज देत नाही. त्यामुळे ट्रेझरीतल्या, म्हणजे बँकेच्या पैशांची रोजची जुळवाजुळव करणाऱ्या विभागातल्या, माणसाचे काम एका वाक्यात सांगायचे तर: नियमात बसेल इतकीच शिल्लक ठेवायची, वर एक रुपया नको.

हे किती नाजूक असते ते आकड्यांनीच कळते. समजा, एखाद्या बँकेची ठेवींसह एकूण देणी २०,००० कोटी रुपये आहेत. तिचा सीआरआर झाला ६०० कोटी. हे ६०० कोटी रोज तंतोतंत असायला लागत नाहीत. पंधरवड्याची सरासरी ६०० यायला हवी, पण कोणत्याही एका दिवशी शिल्लक ९० टक्क्यांच्या म्हणजे ५४० कोटींच्या खाली जाता कामा नये. पंधरा दिवसांचा पंधरवडा धरला तर एकूण ९,००० ‘कोटी-दिवस’ भरायचे. (पंधरवडा आता १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर असा मोजतात. पूर्वीचा शनिवार ते शुक्रवारचा हिशेब २०२५च्या कायदादुरुस्तीने गेला. त्यामुळे दुसरा पंधरवडा कधी तेरा, कधी सोळा दिवसांचा येतो आणि जुन्या एक्सेल शीट्स चुकतात, ही वेगळीच गंमत.)

पहिले दहा दिवस बँकेने ६२० कोटी ठेवले तर ६,२०० भरले. उरलेले २,८०० पाच दिवसांत भरायचे, म्हणजे रोज ५६०. छान बसते. पण घाबरून पहिले दहा दिवस ६५० ठेवले, तर ६,५०० झाले. उरले २,५००, म्हणजे रोज ५०० पुरले असते. पण ५४०च्या खाली जायचे नाही, म्हणून पाच दिवसांत २,७०० भरणे भागच आहे. जास्तीचे २०० कोटी-दिवस बिनव्याजी पडून राहिले. पाच टक्के दराने हे नुकसान पावणेतीन लाख रुपयांच्या घरात जाते, एका पंधरवड्यात, कोणाचीही चूक नसताना. उलट सुरुवातीला फार कमी ठेवले तर शेवटच्या दोन-तीन दिवसांत मोठी रक्कम उचलावी लागते आणि त्याच दिवशी इतर बँकाही त्याच रांगेत असतात. पंधरवड्याच्या शेवटी कॉलचा दर कधी कोसळतो, कधी उसळतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच. सगळ्यांनी आधीच भरून ठेवले असेल तर शेवटी पैशांना गिऱ्हाईक नसते. सगळ्यांनी मागे ठेवले असेल तर झुंबड उडते.

आणि शिल्लक खरोखरच कमी पडली तर? त्या दिवसाच्या तुटीवर बँक रेट या रिझर्व्ह बँकेच्या ठरवलेल्या दरापेक्षा ३ टक्के जास्त दराने दंडव्याज, पुढेही तूट राहिली तर ५ टक्के जास्त. बँक रेट ५.५० टक्के असताना हे ८.५० आणि १०.५० टक्के होते. पैशांपेक्षा नामुष्कीच जास्त बोचते. म्हणून ही वेळ कोणी येऊ देत नाही.

बाजाराचा दिवस कसा चालतो तेही पाहू. कॉल बाजार सकाळी ९ला उघडतो. बहुतेक सौदे एनडीएस-कॉल या पडद्यावर होतात. सप्टेंबर २००६मध्ये सुरू झालेली ही यंत्रणा क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे सौद्यांची पूर्तता करून देणारी संस्था, चालवते. फोनवर ठरलेला सौदाही तिथेच नोंदवावा लागतो. सकाळच्या सौद्यांवरूनच ‘मायबोर’ हा संदर्भ दर काढला जातो आणि व्याजदरांचे अदलाबदल करार त्याला बांधलेले असतात. म्हणून सकाळच्या दराला त्याच्या उलाढालीपेक्षा जास्त मान आहे. १ जुलै २०२५पूर्वी हा बाजार संध्याकाळी ५ला बंद होत असे, पण आरटीजीएस डिसेंबर २०२०पासून चोवीस तास चालू. साडेपाचला एखाद्या मोठ्या ग्राहकाने चाळीस कोटी बाहेर काढले की ट्रेझरीवाल्याला बाजारच उरत नसे, थेट रिझर्व्ह बँकेच्या महाग खिडकीवर जावे लागे. आता बाजार ७ पर्यंत चालतो. तरीही शाखांनी दुपारीच कळवायला हवे, आणि ते कळवत नाहीत. मोठा व्यवहार असल्याचे ‘आत्ता होतोय’ म्हणून साडेसहाला कळणे हा या धंद्यातला सनातन आजार आहे.

ज्यांच्याकडे सरकारी रोखे आहेत त्या बँका आधी ‘ट्रेप्स’मध्ये पैसे उचलतात. तिथे रोखे तारण असतात, हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशनची असते, आणि पैसे देणाऱ्यांत म्युच्युअल फंड मोठ्या संख्येने असतात. फंडांना कॉल बाजारात येता येत नाही आणि रिझर्व्ह बँकेकडेही रात्रभर पैसे ठेवता येत नाहीत, म्हणून ते मिळेल त्या दराला देतात. साहजिकच ट्रेप्सचा दर बहुधा कॉलपेक्षा कमी. उलाढालीच्या बाबतीत तर कॉल ट्रेप्सच्या पासंगालाही पुरत नाही. ट्रेप्स दुपारी ४ला बंद होते. त्यानंतर कॉलमध्ये येणारा बहुधा अडलेला असतो किंवा ज्याचे पैसे खपलेले नाहीत असा असतो.

दर कुठल्या कुठे जाऊ नयेत म्हणून रिझर्व्ह बँकेने दोन कुंपणे घातली आहेत. ५ डिसेंबर २०२५ला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक रोखे तारण घेऊन बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ५.२५ टक्के झाला. त्याच्या पाव टक्का खाली, ५ टक्क्यांवर, एसडीएफची खिडकी: कोणतीही पात्र बँक तिथे तारण न घेता कितीही पैसे रात्रभर ठेवू शकते. ही सोय एप्रिल २०२२पासूनची. पाव टक्का वर, ५.५० टक्क्यांवर, एमएसएफ: तिथे रोखे ठेवून पैसे मिळतात. दोन्ही खिडक्या संध्याकाळी साडेपाच ते रात्री ११.५९ उघड्या असतात. जिला ५ टक्के हमखास मिळतात ती बँक ४.८०ने कशाला देईल, आणि जिला ५.५०ने रिझर्व्ह बँक देते ती ५.७०ने कशाला उचलेल, असा हा साधा हिशेब. मे २०११पासून रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्टच असे आहे की कॉलचा भारित सरासरी दर (मोठ्या सौद्याला जास्त वजन देऊन काढलेली सरासरी) रेपोजवळ राहावा. म्हणजे रेपो ही रिझर्व्ह बँकेने लावलेली पाटी आणि कॉल हा प्रत्यक्षातला भाव. बातमीत या दोहोंना एकच समजून ‘रिझर्व्ह बँकेने कॉल दर ठरवला’ असे लिहिले होते. ती तो ठरवत नाही. पैसे सोडून आणि ओढून ती त्याला हवे तिथे ढकलते, आणि तो दरवेळी ऐकतोच असेही नाही.

मग तक्त्यात कधी कधी कॉलचा नीचांक ५ टक्क्यांच्या बराच खाली दिसतो तो कसा? इथे ठाणे जिल्ह्यातल्या वाचकांच्या ओळखीच्या सहकारी बँका येतात. सहकारी बँका कॉल बाजारात बहुधा पैसे देणाऱ्या असतात: ठेवी भरपूर, कर्जाला मागणी बेताची. पण रिझर्व्ह बँकेच्या खिडक्या सगळ्यांना खुल्या नाहीत. शेड्यूल्ड नसलेल्या किंवा भांडवल-प्रमाणाच्या अटी न पुरवणाऱ्या सहकारी बँकेला एसडीएफ नाही. संध्याकाळी तिच्याकडे वीस कोटी उरले तर मिळेल तो भाव घ्यायचा, नाहीतर ते बिनव्याजी झोपवायचे. समोरची मोठी बँक हे ओळखून असते. ती ४.५०ने उचलते आणि तेच पैसे ५ टक्क्यांनी एसडीएफला लावते. नियमाविरुद्ध यात काही नाही, पण तो दर पाहून ‘व्याजदर घसरले’ म्हणणे म्हणजे मंडईत आठ वाजता उरलेल्या कोथिंबिरीच्या भावावरून महागाई मोजणे. कोविडच्या काळात मात्र पैसाच इतका होता की एका रात्रीचे सरासरी दरही तेव्हाच्या ३.३५ टक्क्यांच्या रिव्हर्स रेपोखाली, म्हणजे एसडीएफपूर्वी रिझर्व्ह बँक बँकांच्या पैशांवर देत असे त्या दराखाली, गेले होते. तेव्हा दोष उशिरा आलेल्या एखाद्या बँकेचा नव्हता.

व्याजाचा हिशेब सरळ आहे: मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६५. १०० कोटी ५.२५ टक्क्यांनी एका रात्रीसाठी दिले तर १,४३,८३६ रुपये. शुक्रवारी दिले आणि शनिवारी बँका बंद असतील तर पैसे सोमवारी परत येतात, व्याज तीन दिवसांचे, ४,३१,५०७ रुपये. तरीही ते कॉलच, कारण मुदत मोजताना मधल्या सुट्ट्या धरत नाहीत. आता हे पाहा: तीच बँक हे १०० कोटी एसडीएफला ५ टक्क्यांनी ठेवू शकली असती. कॉलमध्ये ५.२० मिळाले तर फायदा शेकडा २० पैशांचा (०.२० टक्क्यांचा), म्हणजे रात्रीला सुमारे ५,५०० रुपये. या साडेपाच हजारांसाठी १०० कोटी विनातारण दुसऱ्याच्या हाती द्यायचे. म्हणूनच प्रत्येक बँक समोरच्या प्रत्येक बँकेसाठी मर्यादा आखून ठेवते, आणि एखाद्या बँकेबद्दल कुजबुज सुरू झाली की व्याज वाढवून मागण्याआधी तिची मर्यादाच शून्य होते. कॉल बाजारातली खरी धोक्याची घंटा तिथे असते. ती सरासरी दरात ऐकू येत नाही. सगळ्यांना ५.२५ने मिळत असताना एखादीला ५.६०नेही मिळत नाही, तेव्हा ती बँक खरी अडचणीत.

कुंपण मुद्दाम हलवले की काय होते ते जुलै २०१३मध्ये दिसले. रुपया घसरत होता. १५ जुलैला रिझर्व्ह बँकेने एमएसएफचा दर ८.२५वरून १०.२५ टक्क्यांवर नेला, रेपो ७.२५वरच ठेवला. २३ जुलैला प्रत्येक बँकेला रेपोवर मिळणारी रक्कम तिच्या देण्यांच्या अर्ध्या टक्क्यावर आणली आणि सीआरआरची रोजची किमान अट ९९ टक्के केली. वर सांगितली तशी मोकळीक, जी तेव्हा ७० टक्क्यांपर्यंत खाली जाण्याची होती, क्षणात संपली. सगळ्यांना एमएसएफला जावे लागले आणि कॉलचा दर १० टक्क्यांवर गेला. रेपोत एका पैशाचाही बदल न करता व्याजदर तीन टक्क्यांनी वर! रेपोच्या बातमीवरच नजर ठेवणाऱ्यांना तेव्हा काहीच कळले नव्हते.

गृहकर्जाच्या हप्त्याचे एवढेच: ऑक्टोबर २०१९पासूनची बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य संदर्भ दराला, बहुतेक बँकांत रेपोला, बांधलेली आहेत. कॉल एका दिवशी २० पैशांनी चढला म्हणून कासारवडवलीतल्या कोणाचा हप्ता वाढत नाही. कॉलच्या दरामुळे हप्ते वाढतील, ही बातमीतली ओळ निराधार होती.

विनंती अशी. अर्थपानावर रोज सोन्याचा भाव आणि निर्देशांक येतातच, त्यांच्याखाली चार आकड्यांची जागा करावी. कॉलचा भारित सरासरी दर, त्याचे रेपोपासूनचे अंतर, ट्रेप्सचा भारित सरासरी दर, आणि निव्वळ रोखता. नीचांक-उच्चांक छापू नयेत, ते वर सांगितलेल्या कोथिंबिरीसारखे असतात. सोमवारच्या अंकात शनिवारचा दर देऊ नये. त्या दिवशी उलाढाल नाममात्र असते. आणि चौथ्या आकड्यापुढे अधिक-उणे चिन्ह न छापता सरळ ‘पुरवठा’ किंवा ‘शोषण’ असा शब्द लिहावा.

आपले,
बँकांच्या ट्रेझरी विभागांतून निवृत्त झालेले काही वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)